दह्याशेजारी

ऑगस्टात हेरंब त्याची फझची पेटी
फ्रिजमध्ये ठेवतो, दह्याच्या भांड्याला लागून.
पोटात तिच्या दोन ट्रान्झिस्टर, जर्मेनियमचे,
वाटाण्याएवढे, तीन-तीन पायांचे,
त्याच्या जन्माआधी कुठेतरी बनलेले.
उकाड्यात बिनसतात.
म्हणजे माणसासारखेच, मी म्हणते.
तो म्हणतो, गळती वाढते. करंटची.

बाहेर फहाहीलमध्ये अठ्ठेचाळीस डिग्री.
रिफायनरीतून परत आलेला डबा
रिकामा असूनही हाताला चटका देतो.
अंघोळ, चहा, मग पेटी बाहेर.
चार मिनिटं.
पाचव्याला सूर घसा खाकरतो
आणि मटकन खाली बसतो.
म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात
कुठलीच धून पुरी होत नाही.

त्या चार मिनिटांत मात्र काय आवाज!
जुन्या गोधडीची शिवण सावकाश टरकावी,
किंवा गांधीलमाशी तांब्यात अडकावी
आणि तिला तिथेच करमू लागावं.
नुसती गिटार चांगली वाजते तुझी, मी एकदा म्हटलं.
चांगली वाजते म्हणूनच, म्हणाला.
पुढे मी बोलले नाही.
नेलपॉलिशनं पेटीवर रांगोळीचे ठिपके काढले,
सात ते चार;
स्विचपाशी एक ओळ मोडावी लागली.

सांडगी, आमची मांजर, बकाल्यामागे सापडलेली,
रंगावरून नाव पडलेली,
तिला सुराशी देणंघेणं नाही.
तिला हवी ॲम्पची गरम पाठ.
बाहेर एवढं जळतंय
आणि ही आत एसीत बसून ऊब शोधते.
मीही स्वेटर विणते इथे, चौथा आहे हा,
मी कोणाला हसू?

मग खालच्या हारिसला वाटलं, आमचा कॉम्प्रेसर गेला.
रोज सातला म्हणे गुरगुरतो.
त्यानं रेझाउलला पाठवलं, कुमिल्लाचा, एसीवाला.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला,
मूठ कानाला लावून तो बराच वेळ उभा.
मशीन ठीक है, म्हणाला.
आवाज घर का है.

हेरंबनं लाजत पेटी पुढे केली.
रेझाउलनं झाकण काढलं, आत फुंकर मारली,
जीभ बघणाऱ्या डॉक्टरसारखा मान तिरकी करून बघत राहिला.
पिशवीतून तांब्याच्या नळीचे दोन तुकडे काढले,
पांढरी पेस्ट लावून ट्रान्झिस्टरांवर टोप्यांसारखे बसवले.
चाराची सात मिनिटं झाली.
पैसे घेतले नाहीत. थालीपीठं दोन खाल्ली,
तिसरं कागदात.

तेव्हापासून शुक्रवारी येतो.
वाजवत नाही. जमिनीवर बसून
एक बटण केसभर इकडे, केसभर तिकडे.
बापाच्या हार्मोनियमचा एक सूर असाच फाटका होता,
म्हणाला, गाव हसायचं.
कुठला सूर?
नाव त्याला ठाऊक नव्हतं. काळ्या पट्टीचा होता,
डावीकडचा, एवढंच.

हेरंब पडद्यापडद्यानं शोधत गेला.
हा? नाही. हा? थोडा और रोता था.
सात मिनिटं संपली की पेटी फ्रिजमध्ये,
आणि दोघं फ्रिजच्या दाराकडे बघत
चहा पीत बसलेले,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.
सांडगी थंड पेटीवर एकदाच बसली,
लगेच उठली, अपमान झाल्यासारखी.

सापडला का, मी विचारलं नाही.
एका शुक्रवारी एका सुरावर
हेरंबचं बोट बराच वेळ थांबलं,
रेझाउलचा हात बटणावरून उचलला गेला,
आणि मी विणलेले टाके मोजायला लागले,
एकवीस, बावीस,
चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

त्या महिन्यात दही काही धड लागलं नाही.
दार सारखं उघडत होतं.