एकतीस नंबरची खुंटी

बाबा माणसाचं तोंड विसरत, पाय विसरत नसत.
विबोर्गच्या आमच्या दुकानात भिंतीवर खुंट्यांच्या चार ओळी,
खुंटीखुंटीला कुणाच्या तरी पायांची लाकडी जोडी:
बीचच्या लाकडात कोरलेली कलबुतं.
धान्याच्या व्यापाऱ्याचे पाय, कॅथेड्रलच्या घंटावाल्याचे,
आणि खिडकीशेजारी, एकतीस नंबरला,
लॉरिड्स ब्रोरहोल्म, पायदळ.

पहिल्यांदा आला तेव्हा सतराचा होता.
सोबत वडील, खेड्यातले पाद्री; पैसे नाताळनंतर.
बाबांनी त्याला कागदावर उभं केलं, भोवतीनं पेन्सिल फिरवली,
म्हणाले, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडतो,
पोरगा वाढणार अजून.
वाढला. पाय वाढले.
हुद्दा पंधरा वर्षं लेफ्टनंटचाच.

पन्नास सालच्या शरद ऋतूत, इस्टेडहून परतल्यावर,
गावात झेंडे होते, बँड होता, बेकरीत फुकटचे पाव.
तो दुकानात आला आणि एवढंच म्हणाला,
आत पाणी येतं.
बाबांनी बूट उलटा धरला.
टाचेची बाहेरची कड झिजलेली, उजवीकडची जास्त.
तो गेल्यावर मला म्हणाले,
हा मागे वळून बघत चालतो.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात त्यानं घोडदौडीचे बूट सांगितले.
कॅप्टनचा मेजर होणार, पत्र यायचंच होतं,
आणि पायदळातला असला तरी मेजरला घोडा मिळतो.
गुडघ्यापर्यंत वासराचं कातडं,
टाचेवर रिकिबीच्या काट्यासाठी छोटी पायरी.
बाबांनी तीन आठवडे घेतले.
मी मेण लावलं.
पत्र आलं नाही, युद्ध आलं.

फेब्रुवारीतल्या त्या रात्रीबद्दल तो कधी बोलला नाही.
बोलला त्याचा शिपाई ग्रेगर्स,
मेणाचा दोरा मागायला आला होता, पैसे नव्हते, म्हणून बोलला.
तटबंदी सोडा, असा हुकूम आला. एकही गोळी न झाडता.
रस्ता म्हणजे काच.
घोडे बसले, की बसलेच.
कॅप्टननं सगळ्यांना मोजे बुटांवरून चढवायला लावले,
म्हणजे पाय धरतील.
एकशे चाळीस निघालो होतो. पहाटे मोजलं तर आठ कमी.
तो मागे गेला. तिघांना घेऊन आला.
पुन्हा गेला.

ग्रेगर्सनं दोरा खिशात टाकला.
दुसऱ्या खेपेला कुणाला आणलं, ते त्यानं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या वसंतात ब्रोरहोल्म आला, काठी टेकत.
डाव्या पायाची दोन बोटं
आल्स बेटावरच्या कुठल्याशा शाळेत, बाकावर झोपवून काढलेली.
बाबांनी पुन्हा कागद पसरला. पेन्सिल फिरवताना
त्यांचा हात एका जागी थांबला,
मग सरळ पुढे गेला.
त्या रात्री कानस घेऊन त्यांनी कलबूत घासलं.
भुसा माझ्या ॲप्रनवर पडत होता.
पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेली बोटभर जागा
तीही गेली.

पेन्शनीत निघताना त्याला मेजर म्हणायची परवानगी मिळाली.
घोडा नाही मिळाला.
दर रविवारी तो दक्षिणेच्या रस्त्याला चालत जायचा,
गिरणीपर्यंत, आणि परत.
टाच तशीच झिजायची, बाहेरच्या कडेला.
पायातलं पायातच राहू द्यावं, बाबा म्हणत,
आणि नवी टाच ठोकत.

घोडदौडीचे बूट वरच्या फळीवर.
डावा त्याला आता ढिला झाला असता, त्यानं मागितले नाहीत,
बाबांनी विकले नाहीत.
एका हिवाळ्यात मांजर व्यालं उजव्यात.

बाबा गेले, नंतर दोन वर्षांनी तोही.
बहीण आली, काळे हातमोजे, उरलेली उधारी चुकती केली,
वीस वर्षांपूर्वीचा एक तळवा धरून.
कलबूत मी देऊ केलं.
ती म्हणाली, ह्याचं मी काय करू?

बूट मी गेल्या मार्टिनमासला दूधवाल्याला विकले, नऊ क्रोनरला.
त्यानं ती पायरी छिन्नीनं उडवली, गाडीवर चढताना अडते म्हणून.
पहाटे साडेचारला तो गल्लीत शिरतो.
अंथरुणात पडल्या पडल्या मी ऐकते:
दगडी फरशीवर दोन्ही पाय
सारखे वाजतात.