श्वास धरा

दिवसभर मी माणसांना सांगते, श्वास धरा.
काचेआड जाते, बटण दाबते,
मग सांगते, सोडा.
द्वारका सर्कलजवळच्या दवाखान्यात,
तळघरात, सात वर्षं.

डिसेंबरातल्या अमावास्येला मात्र
स्कुटीला ट्रायपॉड आडवा बांधून
चांदोरी ओलांडते.
निवृत्तीअण्णांच्या द्राक्षबागेशेजारी, खळ्यावर,
माझी जागा ठरलेली.
इथून नाशिकचा उजेड पश्चिमेला दिसतो,
कुणी दार लावायचं विसरल्यासारखा.

थंडी म्हणजे काय ते निफाडकडच्या माणसाला विचारू नये.
तो नुसता हसतो
आणि कानटोपी खाली ओढतो.

बॅटऱ्या स्वेटरच्या आत, छातीशी;
बाहेर ठेवल्या की तासाभरात मरतात.
लेन्सला गरम पाण्याची छोटी पिशवी,
वरून क्रेप बँडेज,
मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तसं, आठच्या आकड्यात.
एवढं करून दव पडतंच.
जवळ वाकले की मी तोंड फिरवते.
एक उच्छ्वास,
आणि अख्खा मृग पुसला जातो.

मृगाच्या पोटात बाण, तीन तारे रेषेत.
त्याच्याखाली तो धूसर डाग.
फुप्फुसावर असता तर मी डॉक्टरांना फोन केला असता.
इथे म्हणतात, त्यात तारे जन्मतात.
तीस सेकंद. थांब. तीस सेकंद.
मधमेश्वरकडे जाणारी कसलीशी पाखरं
न दिसता, वरून बोलत गेली.

पावणेतीनला, दोनशे चौदाव्या फोटोला,
धूर.

आधी वाटलं, दव. पुसलं. मग वास आला.
"अण्णा! अहो, दहा मिनिटं थांबा ना!"
बागेतून आवाज आला,
"पारा चाराच्या खाली गेलाय, पोरी.
मण्यांत पाणी उतरलंय. तडकले म्हंजे?"
वर बघितलं तर व्याध तांबूस.
रोहिणी तर गेलीच.

मला वर्षातून अशा चार रात्री मिळतात, म्हणाले मी.
"आन मला एक पीक," अण्णा म्हणाले.
एवढ्यात हेमलतावहिनींनी
माझ्या हातात घमेलं दिलं.

गोवऱ्या, छाटणीच्या काड्या, वर ओला भुसा.
मांडवाखालून वाकून चालायचं,
तारेत केस अडकू द्यायचे नाहीत,
पंधरा पावलांवर एक शेकोटी,
आणि ती नीट पेटू द्यायची नाही,
नुसती धुमसत ठेवायची.
बॅटरीच्या उजेडात घड दिसायचे,
गारठलेले, गप्प.
त्यांच्यावर धूर हळूहळू ओढला जात होता.
डोळ्यांतून पाणी. बोटं मात्र परत आली,
एकेक करून, ठणकत.
खळ्यावर कॅमेरा एकटाच खटखटत होता.
बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी घरी, धुरातले फोटो काढून टाकत बसले.
दोनशे पंधरा, दोनशे सोळा, सगळे मळकट.
चारशे सत्याण्णववर हात थांबला.
मृगाच्या मागे वळत वळत
कॅमेरा पार बागेपर्यंत उतरला होता.
तारे जागच्या जागी, टोकदार.
ओघळली होती ती जमीन,
शेकोट्यांच्या तांबड्या रेघा तिरप्या,
आणि त्यांत कुणीतरी वाकलेलं,
हलल्यामुळे दोनदा उमटलेलं.
वहिनी असतील. किंवा मी.
ठेवला. कशासाठी, ते अजून सांगता येत नाही.

सोमवारी पहिलाच छातीचा फोटो.
वेणीला अजून गोवरीचा वास.
श्वास धरा, म्हणाले, बटण दाबलं.
पडद्यावर बरगड्या उगवल्या,
मध्ये काळं, स्वच्छ, मोकळं,
कुठे डाग नाही,
आणि मी बघतच राहिले.

काचेपलीकडून कोंडलेला आवाज आला,
"ताई, सोडू का आता?"