दिवेलागणीनंतर सुई

दिवे लागले की आई कुणाला सुई द्यायची नाही.
दांडिया बाजारातल्या दोन खोल्या,
फॉल-बिडिंगच्या साड्यांचा ढीग,
दारात शेजारीण, हात पुढे केलेला,
आणि आई म्हणायची, सकाळी ने गं.
का, ते मी विचारलं नाही.
एवढंच पाहिलं की दातांनी दोरा तोडला
की ती सुई आधी रिळात खुपसायची
आणि मग मान वर करायची.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आता मी
सुईसाठी रीळ काढत बसते स्क्रीनवर.
नळी, नळीत नळी,
मधे एक स्प्रिंग, चिमटीतून निसटली
तर झाडूनही सापडत नाही.
रतिलालभाई पंचालांना नखाने
मिलिमीटरचा शतांश कळतो.
ते म्हणतात, बेन, मच्छर चावतो आणि उडून जातो,
आपल्याला तेवढंच जमवायचंय.
मी म्हणाले, मच्छरच तर ताप वाटत फिरतो.
ते साच्यावर फुंकर मारून म्हणाले,
मग मच्छरापेक्षा बरी करू.

पहिलीला बटण होतं.
सिस्टर मॅकवाननी ती हातात घेतली,
रात्रपाळी उतरून, चहा तसाच ठेवून.
एका हातात पोराचा दंड, दुसऱ्यात ही,
बटण काय नाकाने दाबू?

दुसरीची स्प्रिंग तापट निघाली.
लाल शाईचा थेंब उडाला तो थेट माझ्या चष्म्यावर.
तिसरीची आळशी. अर्ध्यात थांबली,
विश्वामित्रीतल्या मगरीने तोंड मिटलं
तरी दात दिसतच राहतात, तशी.
चौथी ते अकरावी
एका डब्यात आहेत. डब्यावर काही लिहिलेलं नाही.

शांता सोलंकी हे नाव
आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.
तिने कधी कुणाला इंजेक्शन दिलं नाही.
तिने फक्त पिवळी पिशवी उचलली, गाठ मारली,
आणि जिना उतरताना पिशवी मांडीला लागली.
कुणीतरी घाईत टाकलेली. कुणाच्या रक्ताची,
ते पिशवीला कसं ठाऊक असणार?
रक्त तपासलं. सहा आठवड्यांनी पुन्हा.
तीन महिन्यांनी पुन्हा.
तेवढे दिवस तिने पीठ मळलं नाही,
धाकटीच्या वेण्या घातल्या नाहीत,
सांगायची, नखं वाढलीत माझी.
शेवटचा कागद चांगला आला.
तो तिने चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला
आणि कामावर गेली. तोच जिना.

हे सिस्टरनी सांगितलं, त्या रात्री
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे टॉलरन्स लिहितात,
तिथे मी पेन्सिलीने लिहिलं:
उचलणारी.

बारावीला बटण नाही.
दट्ट्या तळाला टेकला, शेवटचा थेंब गेला
की ती आपली आपणच आत जाते,
कुणाच्या आठवणीवर विसंबत नाही,
कुणाच्या झोपेची वाट पाहत नाही.
सिस्टरनी ती संत्र्यात खुपसली.
टक्.
आवाज कमी करू का, मी विचारलं.
राहू द्या, त्या म्हणाल्या, वॉर्डात पंखे, रडणं, नातेवाईक,
हे ऐकू आलं की मान वर करता येईल.

खरेदी समितीने विचारलं, किती जास्त?
एक रुपया चाळीस पैसे.
फाइल पुढच्या बैठकीला गेली.
बैठकही पुढे गेली.

शांताबेन एका संध्याकाळी शेडवर आल्या.
बारावी त्यांनी फिरवून फिरवून पाहिली,
माशाच्या तुकड्यात काटा शोधावा तशी.
मुठीत धरा, मी म्हटलं.
धरली नाही. तळहातावर ठेवली,
अंगठा लांब.
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
रतिलालभाईंनी मशीन बंद केलं,
बाहेर रस्त्यावर दिवे लागले.
मुलीला दाखवायची होती, त्या म्हणाल्या,
उद्या येऊन घेऊन जाऊ?

आत्ताच न्या, मी म्हटलं.