उरलेला श्वास

लिएपायाला वाऱ्याचं माहेर म्हणतात इथले लोक.
दाराच्या फटीतून, पत्रपेटीतून, कोटाच्या बाहीतून
तो ये-जा करतो हक्काने,
आणि मी या गावात पंधरा वर्षं
वाऱ्यावरच पोट भरलं:
ओबो, पहिली खुर्ची.

लोकांना वाटतं या वाद्याला श्वास कमी पडत असेल.
उलट आहे.
भोक सुईच्या नेढ्याएवढं, त्यातून जाणार किती?
श्वास उरतो.
शिळा होऊन छातीत साचतो,
आणि नवा घेण्याआधी तो सोडायला
दोन सुरांच्या मध्ये
चोरून जागा शोधावी लागते.

प्रसूतीच्या खोलीत सुईण म्हणाली,
सोड, श्वास सोड, धरून ठेवू नकोस.
मी म्हणाले, अहो, मला पगारच धरून ठेवण्याचा मिळतो.
ती हसली नाही.
मग आन्सिस आला आणि ओरडला,
आणि मी, टाके पडत असताना,
मनात नोंद केली: ‘ला’पेक्षा जरा चढा.

मग सात महिने ओबो कपाटावर.
परत कधी येणार, विचारायचे सगळे,
जणू मी कुठे गेले होते.
बाजारात कॉन्ट्राबासवाला उल्डिस भेटला,
माझ्या पिशवीतल्या बीटांकडे बघत बोलला,
राइवो तुझ्या जागी छान वाजवतोय.
हो, ऐकलं, म्हणाले.
खोटं. रेडिओ लागला की मी उठून बंद करायचे.

रात्री बाळाच्या पाठीवर माझी बोटं चालायची.
गातिस म्हणाला, काय वाजवतेस?
मलाच माहीत नव्हतं. बघितलं तर
एका संथ रचनेतला तो अवघड उतार,
डाव्या करंगळीसकट.
ढेकर मात्र त्यानेच निघाला.

परतले त्या दिवशी काळा झगा पाठीवर मिटेना.
सेफ्टीपिन लावली.
ओठ सैल, आणि पोट,
ज्याच्यावर सूर पाय रोवून उभा राहायचा,
ते भाडेकरू नुकताच सोडून गेलेल्या घरासारखं.
सगळे गप्प झाले. मी ‘ला’ दिला.
उतरलेला होता, केसभर.
पहिल्या व्हायोलिनच्या बाईंची भुवई वर गेली,
पण नियम असा की ओबो चुकला तरी
बाकीच्यांनी त्याच्याशीच जुळवून घ्यायचं.
चौसष्ट माणसं
माझ्या जागरणाशी सूर जुळवत होती.

आणि संथ भागात, बासऱ्या शिरल्या तेव्हा,
कोणीही रडत नसताना
दूध आलं. उजवीकडून.
आठ मापांची विश्रांती होती, मोजली,
ओल्या झग्यानिशी शिरले.
तो सूर कसा लागला, सांगता येत नाही.
राइवो नंतर म्हणाला, आवाज बदललाय तुझा.
बरा की वाईट, ते तो बोलला नाही
आणि मीही विचारलं नाही.

आज पहाटे स्वयंपाकघरात जिभली तासत बसले.
वेताची दोन पाती, लाल दोरा, सुरी,
दुपट्यावर भुसा.
तीन दिवसांचं काम टेबलाच्या कडेला ठेवून
किटलीकडे वळले, तेवढ्यात
आन्सिसने तिला आपले दोन्ही दात दाखवले.

मेली. अशी जिभली पुन्हा जगत नाही.
तरी ओठांत धरली, उगाच.
नुसती जिभली फुंकली की कावळ्यासारखी ओरडली पाहिजे,
तीच तिची परीक्षा.
ही ओरडली, पण
फाटका, म्हातारा, सर्दी झालेला कावळा.
तो दचकला.
मग तोंड वासून
तस्साच ओरडला.

मी आधी उरलेला श्वास सोडला.
खिडकीच्या फटीत वारा होताच.
पुन्हा फुंकली.