नांगर

हिडकलच्या पाण्यावर इराप्पा अंबिगेरची नाव
आता आवाज करत नाही.
चार बॅटऱ्या, अठ्ठेचाळीस व्होल्ट, मागं पंखा.
राहिला रहाट. तो बारा व्होल्टचा, जुनाच.

‘चौघींतल्या एकीला वायर लावून दे की,’ तो म्हणाला.
नको म्हटलं. एकीवरच ओझं टाकलं
तर ती आधी खंगते,
मग तिघींना घेऊन बसते.
आमच्या घरी थोरली अक्का होती.

उद्यमबागेतून कन्व्हर्टर आणला.
साखळी ताणली की तोही दम टाकायचा,
म्हणून मध्ये एक छोटी बॅटरी ठेवली,
थेंबथेंब भरणारी,
लागेल तेव्हा एकदम ओतणारी.
जाड तांबडी वायर, फ्यूज, बटण.

मधोमध जाऊन त्यानं सोडला.
‘लंगरु,’ तो म्हणाला.
मी म्हटलं, नांगर.
शेतातल्याला त्याच्याकडं नेगिलु म्हणतात, ते वेगळं.
आमच्याकडं दोन्हीला एकच शब्द.
आबांचं साडेतीन एकर इथंच कुठंतरी,
बारा वाव खाली.

बटण दाबलं.
रहाट कुंथला. मीटर अकरावर, साडेदहावर…
फ्यूज टिकला.
कडी कडी मोजत साखळी वर आली
आणि फाळाला चिकटून
मूठभर काळी माती.

इराप्पानं धुवायला बादली उचलली.
‘थांब जरा.’
कशाला, ते त्यानं विचारलं नाही.
मीटर हळूहळू
परत बारावर येत होता.