पंचवीसची पकड

साइमा सरोवरावर जुलैत रात्र येते ती नावापुरती.
साडेनऊला ऊन अजून कुइक्काच्या काचेवर,
आणि वेइयो काका दुकानातून आणलेला ग्रिल
खोक्यातून काढून मांडीवर घेऊन बसलेला,
परक्याचं मूल कुणी हातात द्यावं तसा.

कुइक्का आजोबांची बोट. त्यांच्यामागे
अर्धी बाबांची, अर्धी काकाची;
कुठली अर्धी, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.
म्हणून दोन वर्षं दोघं एकाच बोटीत, पण आळीपाळीने.
त्या उन्हाळ्यात हिल्क्का आत्याने
दोघांनाही एकच तारीख सांगितली.

मी अकरा वर्षांची, केबिनच्या टपावर.
लोकरीचा लाल धागा काठीला बांधून धरायचा,
वारा फिरला की ओरडायचं, हे माझं काम.

ग्रिल मागच्या कठड्याच्या बाहेर टांगायचा:
भडकलाच, तर पाण्यावर भडकावा, लाकडावर नको.
टाकी तळाशी ठेवायची नाही. गॅस जड असतो,
पाण्यासारखा खाली उतरतो
आणि बिछान्याखाली वाट बघत बसतो.
हे काकाने सांगितलं, मला. बाबा ऐकत होते.
मग बाबांनी नळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं,
बुडबुडा येतो का बघितलं,
"नाही" म्हणाले. तेही मलाच.

पकड पंचवीसची. कठड्याचा पाइप बावीसचा.
तीन मिलिमीटर.
तेवढ्या फटीपायी ग्रिल मान टाकायचा,
सरळ करावा, की पुन्हा मान टाकायचा,
दारू चढलेल्या पाहुण्यासारखा.
काकाने पुठ्ठा घातला, तो चुरगळला.
बाबांनी सुतळी गुंडाळली, ती सरकली.
मग काका आत गेला,
पुढच्या बिछान्याखालून आजोबांचे रबरी बूट काढले,
आणि एकाचा वरचा काठ
मासे साफ करायच्या सुरीने दोन बोटं रुंद कापला.

विचारलं नाही.

बाबांच्या जबड्यापाशी काहीतरी हललं.
धागाही हलला असणार,
मी बघितलंच नाही.
मग बाबा छोट्या होडीत उतरले,
वल्हं मारत मागून आले,
आणि ग्रिल बाहेरच्या अंगाने दोन्ही हातांनी उचलून धरला.

"धर."
"धरलाय."
"वर घे थोडा."
"तू आवळ ना."

पेटवला, आणि सगळा धूर आमच्याच तोंडावर.
बोट नाकाने खडकाला बांधलेली,
पाठीवर सरोवराचा वारा.
"दक्षिणेचा!" मी ओरडले, फार उशिरा.
बाबांचं म्हणणं कायमचं: खाडीच्या मधोमध नांगर टाकावा,
नांगरावरची बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड करते.
काकाचं म्हणणं: खडक बरा, पाय जमिनीला लागतो.
कितीतरी सुट्ट्या या एका वाक्यावर नासलेल्या.
काका खोकत उठला.
खडकावर उडी मारून दोर त्यानेच सोडला.

मधोमध गेल्यावर कुइक्का हळूच वळली.
धूर मागे, पाण्यावरून, बर्चच्या काठाकडे.
सॉसेज तडतडले, आत्याने मोहरीची ट्यूब पिळली,
एक सॉसेज कडेवरून घरंगळलं, डुबुक.
"ते तुझं होतं," दोघं एकदमच म्हणाले.
हसलं कुणी नाही. आमच्यात तसं चटकन हसत नाहीत.
पण उरलेलं शेवटचं बाबांनी मधून कापलं,
आणि कुठली अर्धी कुणाची
हे विचारायची वेळ आली नाही.

आता बोट माझी, आख्खी.
ग्रिल तिसरा. पहिल्याचं झाकण गंजलं,
दुसरा एका ऑगस्टमधल्या वादळाने नेला.
दुकानात पकड अजून पंचवीसचीच मिळते.
मधली रबराची पट्टी तीच आहे,
कडेने कडक झालेली,
उन्हात तापली की बुटाचा वास येतो.

बिछान्याखाली जोड तसाच आहे,
एक आखूड, एक आख्खा.
दर वसंतात बोट पाण्यात सोडण्याआधी
मी पट्टीला नखाने दाबून बघते.
अजून दोन-तीन उन्हाळे जाईल.
मग सुरी आहेच.