आहे तेवढंच

खणभागात, दुसऱ्या मजल्यावर,
शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर माझा लॅपटॉप.
त्यात एक स्क्रिप्ट. दर पाच मिनिटांनी उठते,
पुण्याच्या सर्व्हरला विचारते:
बिल्ड झालं का? टेस्ट पास का?
नवी आवृत्ती चढली का गिऱ्हाइकाच्या मशीनवर?
उत्तर आणते आणि खिडकीतला दिवा रंगवते.
हिरवा, पिवळा, लाल.

दिवा मीच बसवला. चौदाशे रुपयांत
सगळं आलं, वायर धरून.
गल्लीतल्या पोरांना वाटतं
ताईकडं बारा महिने गणपती.

लाल झाला की मी ताटावरनं उठते.
हात धुते न धुते तोच आवटीचा फोन,
'कुणाच्या कमिटनं मोडलं?'
बहुतेक वेळा त्याच्याच.

खाली मुजावरचाचा राहतात.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
आयर्विन पुलापाशी पाण्याची पट्टी वाचायचे.
कधी भडंगाचा पुडा घेऊन जिना चढतात,
दिव्याकडं बघत विचारतात,
'काय, आज पातळी किती?'
'हिरवी, चाचा.'
'हिरवी म्हणजे किती?'
भडंग खाता खाता विषय बदलतो.

मागच्या मंगळवारी, रात्री सव्वादोनला,
कारखान्याच्या वजनकाट्यावरनं फोन.
उसाचे बावीस ट्रॅक्टर रांगेत,
पावती निघेना,
ड्रायव्हर ट्रॉलीखाली पोती अंथरून झोपलेले.
'मॅडम, शनिवारी नवं चढणार होतं ना?
जुनंच चाललंय. आता तेही बसलं.'
मी पडदा सारला.
दिवा हिरवा.
शांत, गुबगुबीत हिरवा.

स्क्रिप्ट शनिवारी दुपारीच अडकली होती.
टोकनची मुदत संपली,
सर्व्हरनं तिला दारातच उभं केलं,
आणि ती शेवटचं उत्तर हातात धरून
तशीच बसून राहिली.
तीन दिवस मी शनिवारच्या उजेडात
जेवले, झोपले, केसांना तेल लावलं.

शोधता शोधता एक ओळ सापडली.
माझ्याच हातची, दोन वर्षांपूर्वीची, घाईतली:
चूक आली तर सोडून दे, पुढं चल.

पहाटे चारला काटा सुरू झाला.
पहिली पावती अठरा टन काहीतरी.

सकाळी चाचांना सांगितलं.
ते हसले नाहीत. खाली जाऊन
पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेऊन आले.
जानेवारीचं पान. आटलेली नदी,
जानेवारीत कोण विचारतंय तिला?
तरी सकाळी आठ, संध्याकाळी पाच,
तारीख. वेळ. सहा फूट. सही.
तारीख. वेळ. सहा फूट. सही.
आकडा हलत नाही पानभर,
सही मात्र प्रत्येक वेगळी,
कुठं शाई कमी, कुठं अंगठ्याचा डाग,
एके ठिकाणी पावसाविनाच ओली झालेली.

'साहेब म्हणायचा, आकडा तोच असला
तर खाली दोन टिकल्या दे. कशाला लिहितोस?'
'मग?'
'टिकल्या घरी बसून पण देता येतात की.'

दुपारी स्क्रिप्ट बदलायला बसले.
आता उत्तर नव्यानं आलं तरच हिरवा.
दहा मिनिटं काही आलं नाही
तर दिवा विझतो.
आणि फाईलमध्ये प्रत्येक वेळी ओळ पडते,
बदल असो नसो.
तारीख. वेळ. स्थिती.
सहीच्या रकान्यात काय घालावं कळेना.
अजून मोकळाच आहे.

काल संध्याकाळी राउटर बसला.
खालून एक पोरगं ओरडलं,
'ताई, गणपती गेले?'
मी चप्पल शोधून दार उघडलं,
तर चाचा अर्ध्या जिन्यात,
कठड्याला धरून
वर येत होते.